‘पैलाड’चं मतपत्रक

नाट्यगृहाच्या दाराशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘संगीत पैलाड. प्रयोग एकविसावा. दुपारी साडेबारा.’ खाली कलावंतांची नावं होती. तिसरं नाव मी दोनदा वाचलं आणि हिच्याकडे वळलो.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“हे. उज्ज्वला देवरे.”

हिनं पिशवीतून रुमाल काढला, मानेवरचा घाम पुसला, रुमालाची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “माहीत होतं.”

“म्हणून चुलत बहिणीचं निमित्त काढून माझ्याबरोबर आलीस.”

“बहीण आहेच की पुण्यात. नाटक झालं की जाऊ तिच्याकडे.”

“मी आत येणार नाही. परत स्वारगेटला चल.”

“मंडळानं पाठवलंय तुम्हाला,” ही म्हणाली. “नाटक न बघता गेलात तर मतपत्रकात काय लिहिणार? पोटात दुखत होतं म्हणून?”

हिला असं बोलायची सवय नव्हती. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं मला इतकं लागेल असं काही क्वचितच ऐकवलं असेल. मी तिच्यामागून आत गेलो.

मंडळ म्हणजे आमचं कराडचं नाट्यरसिक मंडळ. त्या काळी आमचे आठशे सभासद होते. वर्षाची वर्गणी भरायची आणि सहा नाटकं बघायची, अशी पद्धत. कोणती सहा ते ठरवायला आमची पाच जणांची निवड समिती होती. समितीतला एक जण पुण्या-मुंबईला जाऊन आधी नाटक बघून यायचा आणि मतपत्रक भरून द्यायचा. त्यावर नाटक गावात येणार की नाही हे ठरायचं. आमच्या पसंतीवर आसपासच्या चार गावांची मंडळंसुद्धा डोळे मिटून नाटक घेत. म्हणजे आमचा होकार मिळाला की एखाद्या धडपडणाऱ्या नाटकाला एकदम दहा-बारा प्रयोग मिळत. बुडणारं नाटक तेवढ्यावर तरून जायचं.

मी हायस्कुलात गणित शिकवायचो. माझ्या तपासलेल्या पेपरात अर्धा मार्क वाढवून घेतलेला विद्यार्थी अख्ख्या तालुक्यात सापडला नसता. सख्ख्या पुतण्याला मी नववीत दोन मार्कांनी नापास केलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. समितीतही मी तसाच. मतपत्रकात आठ रकाने होते : संहिता, संगीत, अभिनय, नेपथ्य असे. सातवा रकाना माझ्या हट्टामुळे आला होता. एका सभासदानं आपल्या मेव्हण्याच्या भिकार नाटकाची भलामण करून ते आमच्या गळ्यात मारलं होतं, त्यानंतर. सातव्या रकान्यात लिहायचं : ‘नाटकातील कोणाशी नाते आहे काय? असल्यास कोणते?’ नातं असलं तर तेवढं लिहून, बाकीचे रकाने कोरे ठेवून पत्रक परत करायचं. मग दुसरा कुणीतरी जाऊन नाटक बघे. पत्रकाची एक प्रत नाटक कंपनीला पाठवायची, हीसुद्धा माझीच सूचना. कुणाबद्दल मागं बोलायचं नाही, जे काय असेल ते तोंडावर.

या प्रती करायचं काम बरीच वर्षं उजा करायची. माझं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आणि तिचं मोत्यासारखं. कार्बन घालून ती जेवणाच्या टेबलावर लिहीत बसे आणि मधेच विचारी, “बाबा, ‘अभिनय बरा’ म्हणजे वाईट ना?”

ती आमची एकुलती एक. बी.एस्सी. झाली, आमच्याच शाळेत नोकरीचं पक्कं झालं, सांगलीच्या एका इंजिनिअरशी साखरपुडा झाला. लग्नाला महिना राहिला असताना ती मला म्हणाली की तिला नाटकात गायचंय. मी आधी हसलोच. मग लक्षात आलं की ती बोलून मोकळी झालेली नाही, ठरवून मोकळी झालेली आहे. नाटक ही तिकीट काढून बघायची गोष्ट आहे, घरातल्या माणसानं करायची नाही, असं माझं मत होतं. ते मी पुरेशा मोठ्या आवाजात मांडलं. आठ दिवसांनी ती पुण्याला गेली. सहा महिन्यांनी कळलं की श्रीरंग देवरे नावाच्या पेटी वाजवणाऱ्याशी तिनं लग्न केलं. शिक्षकखोलीत चहा घेताना नव्यानं आलेल्या एका मास्तरांनी सहज विचारलं, “सर, तुम्हाला मुलं किती?” मी म्हणालो, “आम्हाला मूलबाळ नाही.” खोलीतल्या सगळ्यांनी उजाला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलं होतं. कुणी काही बोललं नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती, आणि आता मी त्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसलो होतो. मतपत्रकासाठी नाटक बघताना मी नेहमी शेवटच्या रांगेतच बसायचो. तिथं ऐकू आलं तर गावात चालेल, असा माझा हिशेब. त्या दिवशी माणसं मोजायला वेळ लागला नाही. साठ-पासष्ट होती. बाकी रिकाम्या खुर्च्या.

नाटक ‘कृष्णेची तर’ या जुन्या चित्रपटावर बेतलेलं होतं. म्हणूनच गरुडअण्णांनी मला पाठवलं होतं. गरुडअण्णा म्हणजे मंडळाचे चिटणीस, त्यांचं औषधांचं दुकान होतं. “खांबेटेसर, तुमचा जीव की प्राण सिनेमा आहे. तुम्हीच जा,” असं म्हणून त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं होतं. ते खरंही होतं. कॉलेजात असताना मी तो सिनेमा तंबूत नऊ वेळा पाहिला होता. येसबा नावाचा नावाडी. लोकांना नदीपार नेणं-आणणं हा त्याचा धंदा, त्याच्या नावेला गावात तर म्हणत. त्याची पोर ताना एका डोंबाऱ्याबरोबर पळून जाते. येसबा शपथ घेतो की ती परत आली तरी तिला तरीत घेणार नाही. पुढे नवरा मरतो, ताना परत येते. नदीला पूर, पैलतीरावर ती एकटी. बाप शेवटी शपथ मोडतो आणि पुरात नाव घालतो. नाव वल्हवताना तो जे गाणं म्हणतो, ते तेव्हा लग्नाच्या मांडवापासून बारशापर्यंत सगळीकडे वाजायचं. उजा लहान असताना मी तिला हीच गोष्ट सांगून झोपवायचो. शेवटी गाणं म्हणावं लागायचं, नाहीतर झोपायची नाही.

पडदा वर गेला. मंचावर एक नुसती फळ्यांची नाव आणि एक बांबू. नदी कुठंच नाही. विंगेत कुणीतरी सुपात वाटाणे फिरवत होतं आणि त्याचा आवाज हुबेहूब पाण्यासारखा येत होता. खाली डाव्या बाजूला पेटी, पखवाज आणि एक सनई. पेटीवरचा बारीक, चष्मेवाला माणूस तो देवरे. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसलो.

सिनेमातलं एकही गाणं नाटकात नव्हतं. देवऱ्यानं सगळ्या चाली नव्यानं बांधल्या होत्या. लोक आले होते जुन्या गाण्यांच्या आशेनं. पहिल्या अंकात अर्धा तास झाला तरी ती येईनात, तेव्हा चुळबूळ सुरू झाली. पुढच्या रांगेतला एक जण मोठ्यानं म्हणाला, “अहो, ते वल्ह्याचं गाणं म्हणा की.” दोघंतिघं हसले. त्या वेळी मंचावर उजा होती. नऊवारी नेसलेली, केस घट्ट बांधलेले, घरातून गेली त्यापेक्षा बारीक झालेली. ती गात होती. तिनं त्या माणसाकडे पाहिलं नाही, सूरही हलू दिला नाही. चाल अवघड होती. दोन ओळी झाल्या की ती जिथं उतरेल असं वाटायचं तिथं उतरायची नाही, वरच थांबायची. मला गाण्यातलं फार कळत नाही. पण हे गाणं दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याच क्षणी संगीताच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं असतं.

मध्यंतरात ही उठली.

“कुठं?”

“पाणी पिऊन येते.”

पाणी प्यायला पंधरा मिनिटं लागली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते, पण चेहरा मोकळा होता. तीन वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

“भेटलीस?”

“भेटले. तुम्ही आलात हे तिला माहीत आहे. पडद्याच्या फटीतून पाहिलं तिनं.”

मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघायला लागलो.

“निरोप दिलाय तिनं तुम्हाला,” ही खालच्या आवाजात म्हणाली. “म्हणाली, बाबांना सांग, तुमचं चांगलं मत मला नको. सातव्या रकान्यात माझं नाव घाला आणि पत्रक परत करा. दुसरं कुणीतरी येऊन बघेल. आवडलं तर घेतील, नाही तर नाही.”

“घाई काय आहे तिला एवढी?”

“पंचविसाव्या प्रयोगाला बंद करणार आहेत. माणसंच येत नाहीत हो. आपल्याकडचे प्रयोग मिळाले तर चालेल पुढं. दोन वर्षं खपलीत दोघं या नाटकासाठी.” मग थोडं थांबून म्हणाली, “एक ओळ आहे. ‘उज्ज्वला ही माझी मुलगी.’ संपलं.”

तिसरी घंटा झाली. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

दुसरा अंक सिनेमासारखाच पुढं गेला, शेवटापर्यंत. येसबाचं काम करणारा म्हातारा नट चांगला होता. पूर येतो. सुपातल्या वाटाण्यांचा आवाज वाढत जातो. येसबा नावेत बसलेला. आता पैलतीरावरून हाक येणार, म्हणून मी विंगेकडे बघत होतो. हाक आली ती आमच्या पाठीमागून. प्रेक्षागृहाच्या मागच्या दारात उभी राहून उजा गात होती.

‘तर लाव रे, बाबा, तर लाव, पाणी लागलं पायाला,
ऐलाडीला घर माझं, पैलाडी मी उभी.’

एवढंच. तेच तेच, दर वेळी थोडं वरच्या सुरात. वाद्यं सगळी बंद. लोक सगळे वळून मागं बघायला लागले. तो पुढच्या रांगेतला गाणंवाला माणूससुद्धा अर्धा उठून वळला. आम्ही सगळे नदीत बसलेलो, समोर बाप आणि मागे मुलगी. ही तर पूर्ण वळून खुर्चीच्या पाठीला धरून बसली होती. मी वळलो नाही. मी समोर बघत राहिलो. येसबा वल्हं उचलतो, पाण्यात घालायला जातो, आणि परत मांडीवर ठेवतो. पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो. मागची हाक थकत जाते आणि बंद होते. सुपातला आवाज तेवढा उरतो. तोही थांबतो. पडदा.

शेवट त्यांनी बदलला होता. बाप गेलाच नव्हता.

साठ माणसांच्या टाळ्या त्या मोठ्या नाट्यगृहात कशा वाजणार? लोक कुरकुरत बाहेर पडले. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, “रडवायलाच बोलावतात मेले.” मी तरातरा बाहेर रस्त्यावर आलो आणि पानाच्या टपरीशी उभा राहिलो. ही पुन्हा आत गेली होती. दहा मिनिटांनी ती आली, मागं दारापर्यंत उजा आली होती. तोंडाचा रंग अर्धवट पुसलेला. ती पायरीवर थांबली. आमच्यामध्ये एक रस्ता होता, त्यावरून सायकली जात होत्या. मी रिक्षाला हात केला.

बहिणीकडे काही आम्ही गेलो नाही. सरळ एस.टी. धरली. शिरवळला गाडी थांबली तशी ही माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “नाटक कसं वाटलं?”

“शेवट बदलायला नको होता.”

“मी तुम्हाला नाटक कसं वाटलं ते विचारलं.”

“मतपत्रकात लिहीन.”

“मत लिहायचंच नाहीये तुम्हाला. नातं लिहायचंय.” ती खिडकीबाहेर बघत होती. “तिच्याशी बोलू नका. घरी बोलावू नका. मी काही म्हणणार नाही. पण तेवढी ओळ लिहा. माझ्यासाठी म्हणून लिहा हवं तर.”

“बघू,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवण झाल्यावर मी पत्रक काढलं. ही स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज होत नव्हता. मी कार्बन घालून पत्रक भरलं, सही केली, घडी घालून पाकिटात घातलं.

“लिहिलंत?” दारातून प्रश्न आला.

“लिहिलं.”

तिनं आणखी काही विचारलं नाही. चहाबरोबर त्या दिवशी शिरा केला होता. बेदाणे घातलेला. आमच्याकडे शिरा सणावाराला किंवा पाहुणे आले तरच व्हायचा. मी तो सगळा खाल्ला.

गुरुवारी गरुडअण्णांनी मला दुकानात बोलावून घेतलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मला आत बसवलं आणि काउंटरवर माझं मतपत्रक उलगडलं.

“सर, हे वाचलं मी,” ते म्हणाले. “‘संगीत प्रेक्षकांच्या पचनी न पडणारे. शेवट मूळ चित्रपटाचा विपर्यास करणारा. सभासदांस रुचणार नाही. नापसंत.’ ठीक आहे. ते तुमचं मत.” मग त्यांनी सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

तिथं मी लिहिलं होतं : ‘नाही.’

“काय म्हणजे?” मी म्हणालो. “लिहिलंय ते.”

“सर, उजाच्या गोवराची औषधं माझ्या दुकानातनं गेलीत.”

मी कपाटातल्या बाटल्यांकडे बघायला लागलो.

“तुम्हाला काय वाटलं, मी सिनेमाच्या प्रेमापोटी पाठवलं तुम्हाला?” ते म्हणाले. “समितीत आमचं चौघांचं आधीच ठरलं होतं. कुलकर्णी वकील मुंबईला नाटक बघून आले होते, त्यांना फार आवडलं. घ्यायचंच होतं ते. पण म्हटलं, आधी सरांना पाठवू. पोरीला बघून येतील. नातं लिहून पत्रक परत करतील, नियमाप्रमाणे वकिलांचं मत धरू, आणि नाटक इथं आलं की तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसाल. एवढा साधा विचार होता.”

“मग माझं मत बाजूला ठेवा. वकिलांचं धरा.”

“कशाच्या जोरावर ठेवू? नियम तुमचाच आहे. ज्याला पाठवलं त्याचं मत अंतिम, नातं असेल तरच रद्द. तुम्ही तर नातं नाही म्हणून सही केलीय. रद्द करायचं तर इतिवृत्तात कारण लिहावं लागेल. काय लिहू? खांबेटेसरांनी खोटं लिहिलं म्हणून लिहू?”

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“खोडा,” ते म्हणाले. “‘नाही’ खोडा आणि ‘मुलगी’ लिहा. मी हे आधी पाहिलं नव्हतं असं समजतो. आठशे सभासदांतल्या एकालाही कळणार नाही.”

आजवर मी त्या पेनाबद्दल किती वेळा विचार केला असेल याची गणती नाही. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की हा माणूस मला खोटारडा म्हणतोय, आणि मी पेन उचललं तर ते कबूल केल्यासारखं होईल. आयुष्यात मी लिहिलेला मार्क कधी खोडला नव्हता. शिवाय उजानंच निरोप पाठवून मला काय लिहायचं ते सांगावं, हेही मनात सलत होतंच. आणि तो शेवट. येसबा गेला नाही, म्हणजे बाप कसा असतो हे माझ्या पोरीनं आणि तिच्या नवऱ्यानं भर नाट्यगृहात ठरवून टाकलं होतं. मला माझी टिंगल केल्यासारखं वाटलं होतं. ते खरं ठरवायला मी निघालो आहे, हे मात्र तेव्हा मला दिसलं नाही.

“लिहिलं ते लिहिलं,” मी म्हणालो आणि उठलो.

“प्रत कंपनीला जाईल, सर. नियमाप्रमाणे.”

“जाऊ दे.”

अण्णांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. त्यानंतर वीस वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो, पण ते मला ‘सर’ म्हणाले नाहीत. ‘खांबेटे’ म्हणायचे.

पंधरा दिवसांनी शेजारच्या सुमतीबाईंच्या पत्त्यावर हिला एक पाकीट आलं. उजाची पत्रं तिकडंच यायची, हे मला तेव्हा कळलं. आत चिठ्ठी नव्हती. कंपनीला गेलेली मतपत्रकाची प्रत होती, तेवढीच. मी शाळेतून आलो तर ही ओट्यापाशी उभी होती आणि कागद टेबलावर होता.

“हे तुमचं अक्षर,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

“हो.”

“तुम्ही मला लिहिलं म्हणालात.”

“लिहिलंच ना.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. “तुम्ही रागीट आहात हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं,” ती म्हणाली. “त्याचं काही नाही, रागीट माणसाबरोबर राहता येतं. पण तुम्ही खोटं लिहाल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.”

‘पैलाड’ पंचविसाव्या प्रयोगाला बंद पडलं. शेवटच्या प्रयोगाला चाळीस माणसं होती, असं पुढं कुठंतरी वाचलं. त्यानंतर देवरे एका शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागला आणि उजा घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायला लागली. ती पुन्हा नाटकात उभी राहिली नाही. त्याच वर्षी मी समितीचा राजीनामा दिला. कारण प्रकृतीचं लिहिलं. मंडळाचं नाटक असलं की ही एकटी जाऊन बघून यायची. वर्षातून दोनदा ती पुण्याला उजाकडे जाऊन राहायची, जाताना सांगून जायची, आल्यावर तिथलं एक अक्षर बोलायची नाही. मी विचारायचो नाही. नातू झाला हे मला सुमतीबाईंकडून कळलं. आम्ही भांडलो मात्र कधी नाही. भांडायला काही उरलंच नव्हतं.

त्या नाटकानंतर चौदा वर्षांनी ही गेली. फार हाल झाले नाहीत, तीन दिवस दवाखान्यात होती. उजा आली, देवरे आला, नातू आला. देवऱ्यानं न सांगता सगळी धावपळ केली. तेराव्याला जेवणं झाली, माणसं पांगली. उजा स्वयंपाकघरात आईचे डबे आवरत होती. कशात काय आहे ते उघडून बघायची आणि झाकणावर चिकटपट्टी लावून नाव लिहायची, मला एकट्याला सापडावं म्हणून. अक्षर अजून तसंच होतं. मी दाराशी स्टुलावर बसलो होतो. तेरा दिवसांत ती माझ्याशी सगळं बोलली होती, दूधवाल्याचं, गॅसचं, बँकेचं. चांगलं बोलली होती. मला वाटलं, आता बोलावं. आता नाही बोललो तर पुन्हा ती येणार केव्हा.

“उजा,” मी म्हणालो, “तुमचं ते नाटक चांगलं होतं.”

ती लिहिता लिहिता थांबली नाही. “माहीत आहे मला.”

“नाही, म्हणजे मला आवडलं होतं. मी जे लिहिलं ते...”

“ते माहीत आहे म्हणतेय मी.” तिनं डबा फळीवर ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “मी तुमच्या मागंच उभी होते, बाबा. चार हातांवर. सगळी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. तुम्ही एकटे वळला नाहीत. पण तुम्ही रडत होतात. इतके, की खुर्ची हलत होती. मला पुढची ओळ उचलवेना. मनात म्हटलं, झालं, बाबांपर्यंत पोचलं. आता नाटक नाही चाललं तरी चालेल.”

मला खाली बघावं लागलं.

“आणि मग ते पत्रक आलं,” ती म्हणाली.

बाहेर देवरे नातवाला बोलावत होता, गाडीची वेळ होत आली होती. उजानं हात पदराला पुसले.

“तुम्हाला खरंच आवडलं नसतं ना, बाबा, आणि म्हणून तुम्ही नापसंत लिहिलं असतं, तर मी त्याच दिवाळीला घरी आले असते.”